पंखा एकवर

एप्रिलच्या उकाड्यात कासारवाडीत पंखा एकवर ठेवणं म्हणजे घरातल्या माणसांची परीक्षा. रेल्वेलाइनच्या बाजूच्या एका चार मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत, ही परीक्षा दर उन्हाळ्यात होते. काका सेकंड शिफ्ट करून रात्री साडेबाराच्या सुमारास येतात, हातपाय धुतात आणि अंधारातच रेग्युलेटरकडे हात नेतात. तेवढ्यात काकूंचा झोपेतला आवाज येतो, "पाचवर करू नका हो, पानं उडतील."

पानं पुदिन्याची. पलंगाच्या निम्म्या भागावर जुना पंचा अंथरलेला, त्यावर एकाला एक चिकटू नयेत अशी पसरलेली. उरलेल्या निम्म्या पलंगावर काका अंग चोरून झोपतात. एकवरचा पंखा वारा घालत नाही, फक्त फिरतो. खालून मालगाडी गेली की खिडकीची काच थरथरते, पानं मात्र जागची हलत नाहीत. सकाळी उठल्यावर काकांच्या दंडाला एखादं पान चिकटलेलं असतं आणि खोलीभर ओल्या-सुक्याच्या मधला एक वास असतो.

मराठी घराला वाळवण कुणी शिकवावं लागत नाही. कुरडया, पापड, सांडगे, सांडगी मिरची, खानदेशात बिबड्या, कोकणात आमसुलं आणि सुके बोंबील. ऊन दिसलं की बाईचा हात जुन्या साडीकडे जातो. पण या यादीत पुदिना कधी नव्हता. पालेभाजीत वाळवलीच तर मेथी. पुदिना ओलाच यायचा, चटणीत वाटला जायचा, पाणीपुरीच्या पाण्यात बुडायचा आणि उरलेली निम्मी जुडी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काळी पडायची. सोमवारच्या पेपरात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातले पालेभाज्यांचे भाव छापून येतात, शेकडा जुड्यांचे. कोथिंबीर, मेथी, शेपू, कांदापात, चाकवत, करडई आणि मग कुठेतरी पुदिना. कोथिंबीर कडाडली की मथळा होतो. पुदिना कडाडला तर कुणाला कळतही नाही.

काकूंची सुरुवातही काळ्या पडलेल्या निम्म्या जुडीपासूनच झाली. पिंपरीच्या मंडईतून पाणीपुरीसाठी दोन जुड्या आणल्या, पाहुणे आलेच नाहीत. टाकवेना म्हणून पानं खुडून वर्तमानपत्रावर पसरली. चार दिवसांनी ती वाळली खरी, पण चहात टाकली तेव्हा चहाला छापखान्याचा वास आला. दुसऱ्या खेपेला गच्ची. गच्चीवर एका बाजूने रेल्वे आणि दुसऱ्या बाजूने जुना मुंबई-पुणे महामार्ग. संध्याकाळी पानांवर बोट फिरवलं तर बोट काळं, आणि उन्हाने पानं तपकिरी होऊन गवतासारखी झालेली. वासाचा पत्ता नाही. पुदिन्याचा वास पानाच्या पाठीवरच्या अगदी बारीक तेलग्रंथींमध्ये असतो, आणि हे तेल उडून जाणारं. कडक ऊन लागलं की पान राहतं, तेल जातं. म्हणून तिसऱ्या खेपेला सावली, पंचा आणि एकवरचा पंखा.

आता त्यांना हिशेब पाठ आहे. जुडी धुवायची, पण धुतल्यावर फडक्याने टिपायची. पाणी राहिलं किंवा पान चुरगळलं की तेवढी जागा काळी पडते. देठ वेगळे करायचे. देठ हातात घेतला की तो गोल नसून चौकोनी लागतो, अगदी तुळशीच्या कोवळ्या देठासारखा, कारण दोन्ही एकाच कुळातली. तीन-चार दिवसांनी एक पान चिमटीत धरायचं. वाकलं तर अजून एक रात्र, कट्‌ करून मोडलं तर झालं. कॉफीच्या रिकाम्या बाटलीत पानं अख्खीच भरायची, चुरा करायचा नाही. चुरायचं ते वापरताना, तळहातावर. भरगच्च जुडीचं शेवटी मूठभर होतं, आणि काकांचं दरवर्षीचं वाक्य ठरलेलं: "एवढ्यासाठी मी आठवडाभर घामात झोपलो?"

खरं म्हणजे हे सगळं चालतं काकांसाठीच. त्यांची तीस वर्षं शिफ्टमध्ये गेली, आणि शिफ्टवाल्या माणसाचं पोट घड्याळावर कधीच चालत नाही. फर्स्टला पहाटे पाचला चहा, सेकंडला रात्री दहाला चहा, थर्डला कधीही चहा. भोसरीच्या एमआयडीसीत मशीन बंद पडेल, चहाची किटली बंद पडणार नाही. पन्नाशीनंतर पित्त उसळायला लागलं, छातीत जळजळ, तोंडात आंबट पाणी. दुधाचा चहा सोडायचा असं ठरलं, पण कटिंगशिवाय हाताला काय काम? तेव्हा काकूंनी प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत सुका पुदिना भरून दिला. कँटीनमध्ये गरम पाणी मिळतंच.

इथे डॉक्टरांचा एक शब्द मध्ये घालायला हवा. जेवण जड झालं, पोट फुगलं, तर पुदिना बरा वाटतो. छातीतल्या जळजळीचं गणित निराळं. जठराच्या तोंडाशी जो स्नायूंचा आवळ असतो तो पुदिन्याने सैल पडू शकतो, आणि मग आम्ल उलट वर चढतं. त्यामुळे रात्री कपभर पिऊन लगेच आडवं झालेल्या माणसाला तो बाधूही शकतो. काकांना हे अनुभवानेच कळलं. आता ते शिफ्टच्या मधल्या सुट्टीत पितात आणि घरी आल्यावर पीत नाहीत. पित्त कमी झालं ते पुदिन्याने की दिवसाचे सात चहा सुटल्याने, हा वाद त्या घरात अजून मिटलेला नाही.

करण्याची रीत मात्र पाहण्यासारखी. चहा उकळण्याची आपली सवय पुदिन्याला मारक. पातेल्यात खळाखळा उकळला की सगळं घर घमघमतं, म्हणजेच कपातलं निघून गेलेलं असतं. काकू पाणी उकळतात, गॅस बंद करतात, तळहातावर सात-आठ पानं चुरून आत टाकतात आणि लगेच झाकण ठेवतात. पाच मिनिटं हात लावायचा नाही. मग झाकण उचलून ते सरळ बाजूला ठेवायचं नाही, आधी कपावर तिरकं धरायचं. आतल्या बाजूला जमलेले थेंब एकामागून एक ओघळून कपात पडतात. "सगळं त्याच्यातच असतं," काकू म्हणतात. नाक जवळ नेलं की पटतं. कपातलं पाणी फिक्या सोनेरी रंगाचं, ओल्या पुदिन्यासारखं हिरवं मुळीच नाही. वासही ओल्याचा नाही. ओल्या पानातला कच्चा, गवताळ तिखटपणा वाळताना निघून जातो आणि खाली गोडसर, थोडासा गंजीतल्या कडब्यासारखा वास उरतो. सुका पुदिना म्हणजे ओल्याची गरिबाघरची आवृत्ती, असं समजणाऱ्याने तो एकदा असा पिऊन पाहावा.

हे इराण्यांना केव्हाच ठाऊक होतं. 'पुदिना' हा शब्दच मुळी फारसीतून आला. इराणी स्वयंपाकात वाळलेला पुदिना क्षणभर गरम तेलातुपात परततात आणि दाट सारावर, वांग्याच्या भरतासारख्या पदार्थावर वरून ओततात. तुर्कस्तानात दह्याच्या सारावर तसाच. तिकडच्या घरात ओला पुदिना असला तरी सुक्याची बरणी वेगळी असतेच. आपल्याकडे पारशी घरांत चहात पुदिना आणि गवती चहा जोडीने पडतात. तिथे पुदिन्याला 'फुदनो' म्हणतात, चहाला 'चोय'. कासारवाडीच्या डोक्यावरून नाशिक फाट्याचा जो दुमजली उड्डाणपूल जातो त्याला एका पारशाचंच, जे. आर. डी. टाटांचं, नाव आहे. त्या पुलाखालच्या टपऱ्यांवर मात्र आलं आणि वेलदोडा यांच्यापलीकडे कुणाची मजल गेलेली नाही. पुण्याच्या अमृततुल्यांनीही पुदिन्याला कधी दार उघडलं नाही. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी पितळी पातेल्यांत आटवलेला तो चहा वेलदोड्या-मसाल्याशी एकनिष्ठ राहिला.

पितळेवरून आठवलं. कासारवाडी हे नाव रोज तोंडात असतं, पण त्यातला कासार आता कुणाला दिसतो? भांड्यांचं दुकान शोधायचं तर पिंपरीच्या बाजारात जावं लागतं. काकूंकडे सासूबाईंचं एक पितळी पातेलं आहे, कल्हई गेलेलं. त्यात पुदिना करून पाहायचा मोह त्यांना दोनदा झाला आणि कल्हईवाला मिळाला नाही म्हणून दोनदा राहून गेला.

डबीची गंमत कँटीनमध्येही झाली. काकांच्या लाइनवर बाराबंकीचा एक पोरगा आहे. त्याने डबी उघडून वास घेतला आणि हसला. "काका, ये तो पुदिना है. मेंथा अलग चीज है." त्याच्या गावी मेंथा हे पीक. फेब्रुवारीच्या आसपास लावतात, मे-जूनमध्ये कापतात आणि शेताच्या कडेला टाकीत घालून वाफेवर तेल काढतात. त्या दिवसांत गावात शिरताना डोळ्यांत पाणी येतं, असं तो सांगत होता. तोच जपानी पुदिना, ज्याच्या तेलातून मेंथॉल निघतं. दुसऱ्या महायुद्धाआधी मेंथॉल म्हटलं की जपान, होक्काइदोतलं कितामी गाव. आज बाराबंकी, संभल, बदायूं, रामपूर. बाम, टूथपेस्ट, खोकल्याच्या गोळ्या यांतला थंडपणा बराचसा तिथून येतो. मेंथॉल खरं तर काही थंड करत नाही. गारवा ओळखणारी जी ग्राही आपल्या मज्जातंतूंवर असते तिलाच ते चाळवतं, आणि मेंदूला वाटतं थंडी वाजली. या ग्राहीचा शोध घेणारे डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं, त्यात स्पर्श आणि तापमान कसं कळतं याचा उलगडा होता.

मंडईतल्या आपल्या पुदिन्यात हे मेंथॉल जवळजवळ नसतंच. म्हणून तो जिभेला झोंबत नाही, नुसता दरवळतो. त्याचा वास कार्व्होन नावाच्या द्रव्याचा, तेलात निम्म्याहून जास्त तेच.

आणि कार्व्होनची गोष्ट त्या घरात एका दुपारी आपोआप घडली.

काकूंची धाकटी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. स्वयंपाकघराच्या फळीवर बाळंतिणीचं सगळं मांडलेलं: डिंक, हळीव, खारकांची पूड, आणि जेवणानंतर खायला बाळंतशोपा, ओवा, तीळ, सुकं खोबरं असं भाजलेलं. दूध यावं, बाळाला पोटात धरू नये म्हणून. शेजारीच पुदिन्याची बाटली. दोन्ही बाटल्या कॉफीच्याच, दोन्हींची झाकणं तपकिरी, आणि घाईत झाकणांची अदलाबदल झाली. लेक म्हणाली, "आई, या बाळंतशोपाला पुदिन्याचा वास येतोय." काकूंनी झाकण हुंगलं, मग दोन्ही बाटल्या हुंगल्या. "वेगळेच आहेत की गं," म्हणाल्या. मग पुन्हा हुंगल्या.

वेगळेच आहेत. आणि एकच आहेत. बाळंतशोपा म्हणजे शेपूचं बी, त्याच्या तेलातही कार्व्होन असतं. तेच अणू, तितकेच, त्याच क्रमाने जोडलेले. फरक एवढाच की डाव्या आणि उजव्या हातासारखे एकमेकांचे आरशातले. पुदिन्यातला एका हाताचा, शेपूच्या बियांतला दुसऱ्या हाताचा. नाकाला तेवढंही कळतं. १९७१ साली 'सायन्स' या नियतकालिकात दोन वेगवेगळ्या गटांनी हे मांडलं. द्रव्य शुद्ध करून हुंगवलं तरी एक पुदिन्याचाच वास देतं आणि दुसरं शेपू-शहाजिऱ्याच्या घरातला. त्यातून एक अर्थ निघाला की नाकात वास टिपणारी जी कुलपं आहेत तीसुद्धा डावी-उजवी आहेत. हातमोजा दुसऱ्या हातात जात नाही, तसंच.

गुलटेकडीच्या भावांच्या यादीत शेपू आणि पुदिना चार नावांच्या अंतरावर असतात. शेपू म्हटलं की अर्धं घर नाक मुरडतं आणि पुदिना म्हटलं की तेच घर खोल श्वास घेतं. ग्राइप वॉटरच्या बाटलीतला वास शेपूच्या तेलाचा, म्हणजे आपल्यातल्या कित्येकांनी जगातला पहिला औषधी वास घेतला तो पुदिन्याच्या आरशातला. जुन्या बायका बाळंतिणीला बाळंतशोपा देतात दूध वाढावं म्हणून. युरोपात पुदिन्याच्या जातीची पानं नेमकी उलट, दूध आटावं म्हणून वापरायची जुनी समजूत आहे. यात शास्त्र किती हा भाग सोडला तरी गंमत राहतेच. रोमचा थोरला प्लिनी तर पहिल्या शतकात लिहून गेला की दुधात पुदिना टाकला की दूध नासत नाही. आपल्याकडे पाहुणा आला की गुळाचा चहा हमखास फाटतो, त्या वेळी प्लिनी आठवायला हरकत नाही.

कासारवाडी ज्या दोन स्टेशनांच्या मधे आहे त्यांच्याकडे पाहिलं की डबीतल्या पानांना एक वेगळाच शेजार मिळतो. पुण्याकडचं स्टेशन दापोडी. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याचा तिथे बंगला होता आणि १८२८ मध्ये त्याच्या आवारात सरकारी वनस्पतिबाग सुरू झाली. १८३८ पासून ती स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन याच्याकडे आली. बाग शोभेची नव्हती. लष्कराच्या औषधभांडारांना लागणाऱ्या औषधी विलायतेहून मागवायच्या त्या इथेच पिकवायच्या, हा हेतू. जुन्नरजवळ हिवऱ्यालाही गिब्सनची बाग होती. खुरासानी ओव्यासारख्या वनस्पती लावायच्या, पानं खुडायची, अर्क काढायचा आणि मुंबईला धाडायचा. १८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला, आणि त्या सुमारास त्याने बागेतल्या झाडांची चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात आहेत, 'दापुरी ड्रॉइंग्ज' म्हणून ओळखली जातात. चित्रकार इथलाच, पण त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. पानाची शीर न्‌ शीर उतरवणारा माणूस निनावी राहिला, आणि ज्या मजुरांनी ती पानं खुडून सावलीत पसरली असतील त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको.

लोणावळ्याकडचं स्टेशन पिंपरी. तिथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने, आणि १९५५ मध्ये पेनिसिलिन बाहेर पडू लागलं. पिंपरीच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवाला तिथल्या शास्त्रज्ञांनी नाव दिलं 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना', आणि त्यापासून मिळालेल्या बुरशीविरोधी औषधाला कंपनीच्या आद्याक्षरांवरून 'हमायसिन'. स्ट्रेप्टोमायसिस ही मंडळी वासाचीच. वळवाच्या पहिल्या सरीनंतर मातीला जो वास सुटतो तो याच कुळाच्या करणीने. एका बाजूला पानांचा अर्क, दुसऱ्या बाजूला बुरशीचा. मधल्या स्टेशनावर उतरणाऱ्या माणसाच्या खिशात प्लॅस्टिकची डबी. लोकल दोन्ही ठिकाणी थांबते, अर्ध्या मिनिटासाठी.

स्वयंपाकात मात्र सुक्या पुदिन्याला काकूंनी सहजासहजी घेतलं नाही. पराठ्याच्या कणकेत चुरून टाकला, चांगला लागला. दह्यातल्या काकडीवर, ताकात जिऱ्याच्या पुडीबरोबर, तेही जमलं. उकडलेल्या बटाट्यावर मीठ, तिखट आणि चिमूटभर पुदिना, हा तर काकांचा डब्यातला लाडका प्रकार. कांदेपोह्यांत एकदा टाकला आणि घरात कुणीच काही बोललं नाही. न बोलणं पुरेसं होतं. पोह्यांना ओल्या कोथिंबिरीशिवाय दुसरं कुणी चालत नाही. खरी मजा कढीवर आली. लहान पळीत तूप कडकडीत करून त्यात चुरलेला पुदिना टाकला, तो त्याच क्षणी काळा पडला आणि कढी कडू झाली. दुसऱ्या वेळी गॅस बंद करून, पळी उचलून, तीन आकडे मोजून मग पुदिना. तूप हलकेच फसफसलं, हिरवं झालं आणि पिवळ्या कढीवर ओतल्यावर त्याचे गोल गोल ठिपके तरंगायला लागले. काका म्हणाले, "हे कुठे शिकलीस?" काकू म्हणाल्या, "करपलं त्यातून."

इराणमधल्या बायका हेच करतात, याच क्रमाने, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

खिडकीतल्या रंगाच्या रिकाम्या डब्यात आता रोपही आहे. मंडईच्या जुडीतले चार जून देठ पेल्यात पाण्यात ठेवले, आठवड्याने पांढरी मुळं फुटली, मग मातीत. पुदिन्याला बियांचं फारसं कौतुक नाही, तो जमिनीखालून धावतो. एकदा शेजारच्या डब्यातल्या गवती चहात घुसला आणि काकूंनी त्याला मुळासकट उपटून परत आपल्या डब्यात कोंबला. वरच्या मजल्यावरच्या वहिनी फांदी मागायला येतात, खालचे दादा येतात. कुणी वाळवत नाही, सगळे चटणी करतात.

जून लागला की पंचा गुंडाळून कपाटात जातो. आषाढात पान वाळायचं नाव घेत नाही. चौथ्या दिवशी त्यावर पांढरी लव दिसते आणि पंखा पाचवर केला तरी उपयोग नसतो. बाटली श्रावणाच्या आधीच तळाला लागते. मग काकूंना टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स सापडला. तो दिवसभर कोमट असतो. त्यावर जाळीच्या चहागाळणीत मावतील एवढीच पानं ठेवायची आणि मालिका संपेपर्यंत काढायची नाहीत. रात्री साडेबाराला काका येतात, पंखा निर्धास्तपणे पाचवर करतात आणि अंधारात टीव्हीकडे पाहून विचारतात, "आज किती?"

"अकरा," आतून आवाज येतो. "एक खाली पडलंय, पाय देऊ नका."